भौतिकशास्त्राची पुस्तके आपण कशी वाचावीत?

(वर्षावासानिमित्त बुद्धविहारात झालेल्या व्याख्यानमालेतील भाषण)



आजच्या भाषणाचा विषय पाहून आपल्यापैकी पुष्कळांना नवल वाटले असेल. वर्षावासाच्या तीन महिन्यांत विहारात ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होते. शिष्यवृत्ती, नोकरी, जमीन आणि अत्याचार यांविषयी येथे बोलले जाते, आणि ते बोलले गेलेच पाहिजे. या साऱ्यांत भौतिकशास्त्राच्या पुस्तकांना जागा कोठे? ज्यांनी शाळा मध्येच सोडली, ज्यांनी पदवी घेतली ती इतिहासाची वा मराठीची, जे कारखान्यात, कचेरीत किंवा शेतात राबतात, त्यांनी अणू, प्रकाश आणि आकाशगंगा यांविषयीची पुस्तके का वाचावीत? आणि वाचावयाची म्हटली तरी गणित येत नसता ती समजावीत कशी?

मी ज्या पुस्तकांविषयी बोलणार आहे, ती परीक्षेची क्रमिक पुस्तके नव्हेत. ज्याने विज्ञानाचे शिक्षण घेतलेले नाही अशा वाचकासाठी जाणत्या माणसांनी सोप्या भाषेत लिहिलेली ही पुस्तके होत. अल्बर्ट आइन्स्टाइनने १९१७ साली स्वतःच्या सापेक्षता सिद्धांतावर असे एक पुस्तक प्रसिद्ध केले. पुढे जॉर्ज गॅमॉव, रिचर्ड फाइनमन, स्टीफन हॉकिंग यांनी अशी पुस्तके लिहिली. मराठीत डॉ. जयंत नारळीकर यांचे ‘आकाशाशी जडले नाते’ अनेक घरांत पोहोचले आहे. ही पुस्तके बौद्ध कुटुंबांनी वाचावीत, आणि वाचताना पानापानाला ‘हे कशावरून?’ असे विचारावे, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

‘हा विषय तुमचा नव्हे’

हे वाक्य आपल्याला नवे नाही. परमपूज्य बाबासाहेबांना शाळेत संस्कृत शिकावयाचे होते. जातीमुळे ते नाकारले गेले आणि त्यांना फार्सी घ्यावी लागली. पुढे त्यांनी संस्कृतचा अभ्यास स्वप्रयत्नाने केला. भौतिकशास्त्राच्या पुस्तकावर जातीची अट छापलेली नसते. परंतु पिढ्यान्‌पिढ्या एखादे दार बंद राहिले, म्हणजे ते उघडल्यावरही माणूस उंबरठ्याशीच थबकतो. ‘हे आपल्या डोक्याबाहेरचे आहे’ असे आपण स्वतःच म्हणू लागतो. पूर्वी दुसरे म्हणत होते, ते आता आपण आपल्याला म्हणावयाचे, एवढाच काय तो फरक.

ज्ञानापासून दूर ठेवले गेल्याची किंमत आपल्या पूर्वजांनी कशी मोजली, याचे एक उदाहरण आकाशातलेच आहे. ग्रहण लागले की महारमांगांनी ‘दे दान, सुटे गिऱ्हाण’ अशी आरोळी देत गावात हिंडावयाचे आणि गावाने जुनेर, धान्य वा पैसा त्यांच्या पदरात टाकावयाचा, अशी चाल महाराष्ट्रात होती. राहूकेतू सूर्यचंद्रांना ग्रासतात आणि दानाने त्यांची सुटका होते, ही त्यामागची समजूत. चंद्राच्या सावलीचा हिशेब पंचांगात मांडणारा पंचांगकर्ता प्रतिष्ठित ठरला, आणि ज्याला तो हिशेब कधी सांगितलाच गेला नाही, त्याच्या हाती फाटके वस्त्र आले.

धर्मांतरानंतर आपण ती आरोळी टाकली. ही मोठी गोष्ट झाली. परंतु घरातल्या मुलाने विचारले की, ‘मग ग्रहण लागते तरी कशाने?’ तर आपण काय सांगतो? ‘सावली पडते, असे शास्त्रज्ञ सांगतात.’ उत्तर बरोबर आहे. पण ते ‘शास्त्रज्ञ सांगतात’ एवढ्यावरच थांबले, तर पूर्वी भटजी सांगत होते आणि आता शास्त्रज्ञ सांगतात, असेच झाले. सांगणारा बदलला, ऐकणारा होता तेथेच राहिला.

याच उत्तराला आता कारणे जोडून पाहा. सूर्यग्रहण नेहमी अमावास्येलाच होते, कारण चंद्र सूर्य आणि पृथ्वी यांच्या मध्ये तेव्हाच येऊ शकतो. चंद्रग्रहण पौर्णिमेलाच होते, कारण पृथ्वीची सावली चंद्रावर पडावयाची तर पृथ्वी मध्ये असावी लागते. चंद्रावर सरकणाऱ्या सावलीची कड प्रत्येक वेळी गोलच दिसते, कारण पृथ्वी गोल आहे. मग दर अमावास्येला ग्रहण का नाही? चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेशी सुमारे ५ अंशांनी कललेली आहे. म्हणून बहुतेक वेळा सावली वरून वा खालून निघून जाते. यातील पुष्कळसे अंगणात उभे राहून आणि दिनदर्शिका हाती घेऊन पडताळता येते. सूर्यग्रहण उघड्या डोळ्यांनी मात्र कधीही पाहू नये. त्याचे कारण डोळ्यांना होणारी इजा हे आहे, विटाळ हे नव्हे. ज्या मुलीला ही कारणे सांगता येतात, तिने केवळ एक अंधश्रद्धा टाकलेली नाही. तिने एक ज्ञान मिळविले आहे. भौतिकशास्त्राच्या चांगल्या पुस्तकाचे काम हेच की, त्याने निष्कर्षाबरोबर त्याचे कारणही आपल्या हाती द्यावे.

पुस्तकबांधणीच्या दुकानातील मुलगा

गणित न येणाऱ्या माणसाला अशा वाचनातून काही साधते काय? याचे उत्तर इंग्लंडच्या इतिहासात आहे.

मायकेल फॅरेडे याचा जन्म १७९१ साली एका लोहाराच्या घरी झाला. शिक्षण म्हणजे लिहिणे, वाचणे आणि जुजबी हिशेब. चौदाव्या वर्षी तो लंडनमधील एका पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवार म्हणून लागला. तेथे बांधावयास आलेली पुस्तके तो वाचीत असे. त्यांत विश्वकोशातील विजेवरचा लेख होता आणि ‘रसायनशास्त्रावरील संभाषणे’ अशा अर्थाच्या नावाचे एक पुस्तक होते. हे पुस्तक १८०६ साली लेखिकेच्या नावाशिवाय प्रसिद्ध झाले. लेखिका होत्या जेन मार्सेट. त्या स्वतः शास्त्रज्ञ नव्हत्या. प्रयोगांसह होणारी व्याख्याने ऐकावयास त्या गेल्या, आरंभी ती त्यांना नीट उमगली नाहीत, मग परिचितांशी बोलून आणि प्रयोग समजून घेऊन त्यांनी तो विषय आपलासा केला, आणि आपल्यासारख्याच वाचकांसाठी, विशेषतः स्त्रियांसाठी, एक शिक्षिका व दोन विद्यार्थिनी यांच्या संवादाच्या रूपाने तो लिहून काढला. आपल्या भगिनींनी हे ध्यानात ठेवावे. एका न कळलेल्या व्याख्यानापुढे हात न टेकणाऱ्या स्त्रीने लिहिलेल्या पुस्तकाने फॅरेडेला वाट दाखविली.

फॅरेडेने पुढे एका पत्रात या पुस्तकाविषयी जे सांगितले आहे, ते आपल्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. पुस्तकात छापले म्हणून त्याने ते खरे मानले नाही. आपल्या तुटपुंज्या पैशांत जमतील तसे लहान लहान प्रयोग करून त्याने त्यातील विधाने तपासली, ती वस्तुस्थितीला धरून निघाली, आणि तेव्हा कोठे त्याचा त्या पुस्तकावर विश्वास बसला. १८१२ साली एका गिऱ्हाइकाने दिलेल्या तिकिटांवर त्याने हम्फ्री डेव्ही या शास्त्रज्ञाची व्याख्याने ऐकली, त्यांची टिपणे काढली, ती स्वतः बांधली आणि डेव्हीकडे पाठविली. १८१३ साली त्याला रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये साहाय्यकाची जागा मिळाली. त्यानंतर युरोपच्या प्रवासात डेव्हीच्या पत्नीने त्याला नोकरासारखे वागविले आणि नोकरांच्या पंगतीला बसविले, हेही नमूद आहे. १८३१ साली याच फॅरेडेने चुंबकाच्या हालचालीने तारेत वीज उत्पन्न होते हे दाखविले. आपल्या घरातला दिवा ज्या जनित्राच्या विजेवर जळतो, त्याचे तत्त्व ते हेच. फॅरेडेला उच्च गणित अखेरपर्यंत आले नाही. त्याच्या कल्पनांना गणिताचे रूप पुढे जेम्स क्लार्क मॅक्सवेलने दिले.

प्रत्येक वाचक फॅरेडे होईल असे मला म्हणावयाचे नाही. तसे वचन देणे ही फसवणूक होईल. मला दाखवावयाची आहे ती त्याची वाचण्याची रीत, कारण ती कोणालाही आचरता येते. फॅरेडेने १८६०-६१ च्या नाताळात मुलांसाठी मेणबत्तीवर सहा व्याख्याने दिली आणि ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. आपण घरोघरी वंदनेच्या वेळी मेणबत्ती लावतो. तिच्याकडे एकदा त्या दृष्टीने पाहा. ज्योतीखाली मेणाची वाटी का तयार होते? ज्योतीच्या उष्णतेने वर जाणारी हवा बाजूंनी येते आणि मेणाची बाहेरची कड थंड ठेवते, म्हणून. वितळलेले मेण वर कसे चढते? वातीच्या धाग्यांतील सूक्ष्म फटींतून, टीपकागदात शाई चढते तसे. जळते ते काय? मेणाची वाफ. मेणबत्ती फुंकून तिच्या पांढुरक्या धुराला लगेच पेटती काडी दाखवा. ज्योत त्या धुरावरून उडी घेऊन वातीवर येते. थंड पळी ज्योतीवर क्षणभर धरा. तिच्यावर ओल धरते, कारण जळण्यातून पाणीही निर्माण होते. यात गणिताचे एक अक्षर नाही. मुलांना जवळ घेऊन, काळजीपूर्वक, हे सर्व स्वयंपाकघरात करता येते. वंदनेचे मांगल्य त्यामुळे यत्किंचितही कमी होत नाही.

भटावरील विश्वास आणि शास्त्रज्ञावरील विश्वास

मेणबत्ती आपण तपासली. पण कृष्णविवर कसे तपासणार? अणू कसा पाहणार? येथे एक गंभीर आक्षेप निघतो, आणि तो टाळून चालणार नाही. केसपुत्तच्या कालामांना भगवंतांनी सांगितले की, परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, किंवा आपला गुरू सांगतो म्हणून काही स्वीकारू नका. तो उपदेश मुळात कुशल आणि अकुशल आचरणासंबंधी आहे. तथापि त्यातील सावधपणा ज्ञानाच्या प्रत्येक क्षेत्रात लागू पडतो. मग जे आपण स्वतः तपासू शकत नाही, ते शास्त्रज्ञाच्या शब्दावर मानणे ही नवी पोथीनिष्ठा नव्हे काय?

होय, ती पोथीनिष्ठा होऊ शकते. परंतु व्हावीच असे नाही. दोन उदाहरणे पाहा.

आइन्स्टाइनचा सिद्धांत असे सांगत होता की, सूर्याच्या अगदी कडेजवळून येणारा ताऱ्याचा प्रकाश १.७५ विकला इतका वाकेल. एका अंशाचे ३,६०० भाग केले तर त्यातील एक भाग म्हणजे विकला. न्यूटनच्या कल्पनेप्रमाणे हिशेब केला तर वाकणे याच्या निम्मे येत होते. आकडा आधी जाहीर झाला होता. २९ मे १९१९ च्या खग्रास सूर्यग्रहणात इंग्रज निरीक्षकांच्या दोन तुकड्यांनी, एकीने आफ्रिकेजवळच्या प्रिन्सिपे बेटावरून आणि दुसरीने ब्राझीलमधील सोब्राल येथून, ताऱ्यांची छायाचित्रे घेतली. महायुद्ध नुकतेच थांबले होते. आइन्स्टाइन बर्लिनमध्ये काम करीत होता आणि तपासणारे इंग्रज होते. मोजमापे आइन्स्टाइनच्या आकड्याच्या बाजूने निघाली. आपले म्हणणे कशाने खोटे ठरेल हे त्याने आधीच सांगून ठेवले होते, आणि परक्यांना ते तपासू दिले.

दुसरे उदाहरण आपल्या जवळचे आहे. वस्तुमानाच्या प्रचंड हालचालींनी अवकाशात लहरी उठतात, असे आइन्स्टाइनने १९१६ साली मांडले. त्या १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेत प्रथम प्रत्यक्ष टिपल्या गेल्या. ४ किलोमीटर लांबीच्या नळ्यांत झालेला फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या सुमारे सहस्रांशाइतका होता. इतका सूक्ष्म फरक खरा कशावरून? एकमेकींपासून सुमारे ३,००० किलोमीटरवर असलेल्या दोन वेधशाळांत तोच आकार, सुमारे ७ सहस्रांश सेकंदांच्या अंतराने, उमटला होता. जवळून गेलेला मालट्रक वा भूकंपाचा हादरा असा दोन्हीकडे सारखा उमटत नाही. अशीच एक वेधशाळा हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२३ साली मंजुरी दिली. तेथे मोजले जाणार आहे ते काय, हे मराठवाड्यातील आपल्या मुलामुलींना ठाऊक नसावे काय? त्यांनी तेथे केवळ कुंपणाबाहेरून पाहावे काय?

फरक आता स्पष्ट झाला असेल. भट म्हणत असे, ‘विचारू नकोस; विचारण्याचा तुला अधिकार नाही.’ चांगला शास्त्रज्ञ म्हणतो, ‘मी हे असे मोजले; चूक असेल तर दाखव.’ तपासण्याचे साधन आज आपल्या हाती नसेल, गणित आज येत नसेल; परंतु ते मिळविण्याच्या आड जन्म येऊ शकत नाही, आणि येऊ लागला तर त्याविरुद्ध लढण्याचा आपल्याला अधिकार आहे. म्हणून आपला विश्वास हा गहाण पडलेला विश्वास नव्हे. तो कारणे पाहून ठेवलेला आणि नवी कारणे आल्यास मागे घेता येईल असा विश्वास आहे.

हीच कसोटी इतरांनाही लावता येते. डॉ. नारळीकर यांनी डॉ. नरेंद्र दाभोलकर आदींच्या सहकार्याने महाराष्ट्रात फलज्योतिषाची एक चाचणी घेतली. हुशार मुले आणि बौद्धिक अपंगत्व असलेली मुले अशा दोन गटांतील पत्रिका ज्योतिषांकडे दिल्या आणि कोणती पत्रिका कोणत्या गटातील ते ओळखण्यास सांगितले. २७ ज्योतिषांनी प्रत्येकी ४० पत्रिकांची उत्तरे दिली. सरासरी ४६ टक्के उत्तरे बरोबर आली. नाणेफेक केली असती तर सुमारे ५० टक्के आली असती. ज्यांच्या घरात लग्न ठरविताना अजूनही लपूनछपून पत्रिका पाहिली जाते, त्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

वाचताना विचारावयाचे पाच प्रश्न

तात्पर्य, पुस्तक उघडताना आदर असावा, पण शरणागती नसावी. त्यासाठी मी पाच प्रश्न सुचवितो.

पहिला: हे पाहिले गेले आहे, की पाहिलेल्यावरून अनुमानलेले आहे? दूरच्या दीर्घिकांच्या प्रकाशातील रेषा तांबड्या बाजूला सरकलेल्या दिसतात, हे निरीक्षण. विश्व प्रसरण पावत आहे, हे त्यावरचे अनुमान. अनुमान भक्कम असू शकते. पण दोन्ही एकच नव्हेत.

दुसरा: हा दृष्टांत कोठे तुटतो? पुष्कळ पुस्तकांत प्रसरणशील विश्वाला फुगणाऱ्या फुग्याची उपमा असते. फुग्याला बाहेरची जागा असते आणि आत मध्यबिंदू असतो. विश्वाबाबत तसे म्हणावयाचे नसते. गुरुत्वाकर्षण समजावण्यासाठी ताणलेल्या रबरी चादरीवर जड गोळा ठेवतात. पण तो गोळा चादरीत रुततो तो मुळी पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणानेच. दृष्टांत म्हणजे नदी उतरण्याची होडी आहे. ती डोक्यावर घेऊन चालू नये.

तिसरा: हा शब्द नेहमीच्या अर्थाने आला आहे काय? ‘सापेक्षता’ म्हणजे सर्व काही ज्याच्या त्याच्या मानण्यावर, असे नव्हे. प्रकाशाचा वेग सर्वांना सारखाच आढळतो, हाच तर त्या सिद्धांताचा पाया आहे. पुंजयामिकीतील ‘निरीक्षण’ म्हणजे उपकरणाने केलेले मोजमाप. मनाच्या इच्छेने अणू हलतो, असा त्याचा अर्थ नाही. आर्थर एडिंग्टनने १९२८ च्या आपल्या प्रसिद्ध पुस्तकात लिहिले की, अणू जवळजवळ पोकळ असल्याने पायाखालची फळी भरीव नाहीच. सुझन स्टेबिंग या तत्त्वज्ञ स्त्रीने १९३७ साली त्याला उत्तर दिले की, ‘भरीव’ हा शब्द आपण शिकलो तोच मुळी अशा फळीवरून. तिलाच भरीव म्हणावयाचे नाही तर त्या शब्दाला अर्थच उरत नाही. स्टेबिंगबाई भौतिकशास्त्रज्ञ नव्हत्या. त्यांनी अणूबद्दल वाद घातला नाही. शब्द कसा वापरला एवढेच तपासले. हा अधिकार प्रत्येक वाचकाला आहे.

चौथा: लेखक येथे शास्त्रज्ञ म्हणून बोलतो, की स्वतःचे तत्त्वज्ञान सांगतो? हॉकिंगच्या १९८८ च्या विख्यात पुस्तकाचा शेवट ईश्वराच्या मनाच्या उल्लेखाने होतो. २०१० साली सहलेखकाबरोबर लिहिलेल्या पुस्तकात त्यांनी विश्वाच्या आरंभासाठी ईश्वराची गरज नाही असे मांडले. पहिल्यावरून ईश्वरवाद्यांनी आनंदू नये, आणि दुसऱ्यावरून आपणही केवळ हॉकिंग म्हणतात म्हणून आनंदू नये.

पाचवा: हे पुस्तक केव्हाचे आहे? विश्व सदैव आहे तसेच आहे अशी उपपत्ती १९४८ साली मांडली गेली. १९६५ साली सर्व दिशांकडून येणारे सूक्ष्मतरंगांचे प्रारण सापडले आणि बहुतेक शास्त्रज्ञांनी ती सोडली. विश्वाच्या प्रसरणाचा वेग वाढत असल्याचे १९९८ साली आढळले. त्यापूर्वी छापलेल्या पुस्तकात ते असणार कोठून? जुने पुस्तक टाकू नये. पण त्याचे साल पाहून वाचावे.

‘सर्व काही आमच्या ग्रंथात आहे’

आता मला एका मोहाविषयी बोलावयाचे आहे. तो आपल्याही दारात उभा आहे.

मेघनाद साहा हे थोर भारतीय भौतिकशास्त्रज्ञ. जन्म १८९३, ढाक्याजवळच्या एका खेड्यात, एका गरीब दुकानदाराच्या घरी. कलकत्त्याच्या वसतिगृहात जातीमुळे त्यांना वेगळे जेवावे लागले. १९२० साली त्यांनी ताऱ्यांच्या तापमानाचा आणि त्यांच्या प्रकाशातील रेषांचा संबंध सांगणारे समीकरण प्रसिद्ध केले. त्यांनी स्वतः एक प्रसंग लिहून ठेवला आहे. ढाक्याच्या एका वकिलाने त्यांना त्यांचे संशोधन विचारले. साहांनी उत्साहाने सूर्य आणि तारे यांविषयी समजावून सांगितले. ते गृहस्थ म्हणाले, यात नवे काय, हे सर्व वेदात आहे. साहांनी विचारले, वेदाच्या कोणत्या भागात? उत्तर मिळाले की, त्यांनी वेद वाचलेले नाहीत. पण ते तेथे असणारच.

हे ऐकून आपल्याला हसू येते. परंतु ‘वेदात आहे’ याच्या जागी ‘त्रिपिटकात आहे’ असे घातले, तर वाक्य शहाणे होते काय? अनित्यतेचा उपदेश म्हणजेच पुंजयामिकी, प्रतीत्यसमुत्पाद म्हणजेच सापेक्षता, अशी विधाने आपल्या सभांतूनही ऐकू येतात. १९७५ साली फ्रिचॉफ काप्रा यांनी भौतिकशास्त्र आणि पौर्वात्य तत्त्वज्ञाने यांतील साम्यांवर पुस्तक लिहिले आणि ते फार गाजले. त्यात बौद्ध मताबरोबर हिंदू मतालाही तोच मान आहे, हे विसरून चालणार नाही. ज्या युक्तीने आपले सिद्ध होते, तिनेच आपण सोडून आलेलेही सिद्ध होत असेल, तर ती युक्ती सिद्ध करते तरी काय?

आइन्स्टाइनच्या नावावर एक वचन फिरते: भविष्यातील वैश्विक धर्म बौद्ध धर्मच होय, अशा आशयाचे. ते पत्रकांवर छापले जाते, भ्रमणध्वनीवर पाठविले जाते. त्याच्या लिखाणात ते वचन अभ्यासकांना सापडलेले नाही. १९३० च्या एका लेखात त्याने एवढेच म्हटले आहे की, विश्वासंबंधीची एक धार्मिक भावना बौद्ध मतात अधिक प्रबळ आहे, आणि हे त्याला शोपेनहॉवरच्या लेखनावरून कळले. जे आहे ते पुरेसे आदराचे आहे. त्यात भर घालून सांगणे हा पंचशीलातील मुसावादाचा प्रश्न आहे.

बाबासाहेबांनी १९५० साली लिहिलेल्या लेखात धर्म बुद्धीशी, म्हणजेच विज्ञानाशी, सुसंगत असला पाहिजे असे प्रतिपादिले. सुसंगत असणे निराळे आणि विज्ञानाने सिद्ध केलेले असणे निराळे. समता, करुणा आणि शील ही अणूच्या रचनेतून निघत नाहीत. उद्या अणूविषयीचा सिद्धांत बदलला, म्हणून माणसाला माणसाने अस्पृश्य मानावे काय? धम्म उभा आहे तो माणसाने माणसाशी कसे वागावे या पायावर. त्याला भौतिकशास्त्राच्या प्रमाणपत्राची गरज नाही, आणि भौतिकशास्त्रालाही आपल्या प्रशस्तिपत्राची गरज नाही.

काय करावे

आपल्या विहारात आठवड्यातून एक तास अशा वाचनासाठी राखावा, अशी माझी सूचना आहे. एका वेळी एक प्रकरण पुरे. मोठ्याने वाचण्याचे काम मुलींकडे द्यावे. एक वही ठेवावी. तिच्यात एका बाजूला पुस्तकातील विधान आणि दुसऱ्या बाजूला ‘कशावरून?’ याचे उत्तर लिहावे. उत्तर सापडले नाही तर जागा कोरी सोडावी. कोरी जागा ही लाजेची गोष्ट नव्हे, ती पुढच्या आठवड्याचे काम आहे. शब्द अडला तर मराठी विश्वकोश पाहावा. तो आता मोफत वाचावयास मिळतो. समाजातील जो मुलगा वा जी मुलगी अभियांत्रिकी वा विज्ञान शिकत असेल, तिला बोलवावे आणि न संकोचता प्रश्न विचारावेत. वडिलांनी मुलीला प्रश्न विचारला, म्हणून वडिलांचा मान कमी होत नाही. बाबासाहेबांनी औरंगाबादच्या महाविद्यालयाला मिलिंदाचे नाव दिले, तो मिलिंद राजा भिक्खू नागसेनाला प्रश्नामागून प्रश्न विचारणारा होता, हे लक्षात असू द्यावे.

वैज्ञानिक दृष्टी आणि शोधकवृत्ती वाढविणे हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य म्हणून १९७६ च्या घटनादुरुस्तीने संविधानाच्या ५१ क या अनुच्छेदात घातले गेले. आपल्यासाठी ते कर्तव्य आहे, तसाच तो मिळविलेला हक्कही आहे. ज्यांना ऐकण्याचीदेखील मनाई होती, त्यांच्या मुलांनी आता केवळ ऐकून समाधान मानू नये. आपल्या घरी ग्रंथांची फळी असेलच. तिच्यावर भौतिकशास्त्राचे एक पुस्तक येऊ द्या, आणि ते पूजेत न ठेवता प्रश्नांनी झिजू द्या.

जयभीम.